पावतीमामांची भिंत

गल्लीत त्यांना सगळे पावतीमामा म्हणत. वाहतूक डेपोच्या स्टोअरमध्ये हयात गेलेला माणूस; साधा नटबोल्टसुद्धा सही घेतल्याशिवाय कुणाच्या हातावर ठेवला नाही. निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. कुणी सहज "काय मामा, बरे आहात ना?" म्हटलं, तरी ते क्षणभर असे बघत, की ही चौकशी कोणत्या खात्यावर टाकावी ते ठरत नाहीये. अशा माणसाच्या हाती गल्लीने आपला फंड दिला होता आणि ती निर्धास्त झोपत होती.

निर्धास्त म्हणजे पैशांच्या बाबतीत. बाकी झोपेचे वांधेच होते. कारण गल्लीच्या एका अंगाला घरांची रांग आणि दुसऱ्या अंगाला टेकडीचा कापलेला उतार, आणि उताराच्या माथ्यावरून ट्रकचा रस्ता. पावसाळ्यात हा उतार थोडा थोडा खाली यायचा, न बोलावलेला पाहुणा येतो तसा. एके सकाळी दगडमातीचा एक ढीग शिंपीणबाईंच्या पायरीवर येऊन बसला, आणि मग मात्र गल्ली खडबडून जागी झाली.

नगरपालिकेने सांगितलं, काँक्रीटची भिंत बांधा, निम्मा खर्च तुमचा. आकडा ऐकून गल्लीच्या सभेतले सगळे वर पंख्याकडे बघायला लागले. पावतीमामांनी आकड्याचा कागद उलटा करून पाहिला, मागे काही सूट लिहिली आहे का म्हणून. नव्हती.

मग मामांची भाची पुढे आली. मामांच्या बहिणीची मुलगी. आई लवकर गेली, तेव्हापासून मामा-मामींच्याच घरात वाढलेली. माती, उतार आणि पाया यांची इंजिनीअर होती आणि नुकतीच स्वतःच्या सहीने नकाशे द्यायला लागली होती. तिने वेगळंच मांडलं. काँक्रीट नकोच. जाड तारेच्या जाळीच्या पेट्या करायच्या, त्यांत टेकडीचाच दगड भरायचा, आणि पायऱ्या-पायऱ्यांनी एकावर एक रचायच्या. मागे एक कापड लावायचं, माती अडवणारं आणि पाणी सोडणारं. पायथ्याला भोकं पाडलेली नळी टाकायची. तिचं तोंड गल्लीच्या खालच्या टोकाला, मामांच्या घरासमोर, गटाराजवळ उघडायचं.

"भिंत मातीला भीत नाही, मामा," ती म्हणाली होती. "पाण्याला भिते. पाण्याला वाट दिली की माती म्हणजे गरीब गाय."

खर्च ऐकून गल्लीचा जीव भांड्यात पडला. घरटी माणसं दगड उचलायला आली. मामांनी प्रत्येक पेटी मोजली, ठिसूळ दगड निवडून परत पाठवले, तारेच्या भेंडोळ्यांवर सह्या घेतल्या. भिंत उभी राहिली. पुढचे पावसाळे आले आणि गेले, उतारावरून एक खडासुद्धा खाली आला नाही.

आता खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती. पण माणसाला स्वस्त वस्तू घ्यायची लाज वाटत नाही. ती स्वस्त दिसली की वाटते.

झालं असं, की मामांना घराची पुढची खोली भाड्याने द्यायची होती. एक दातांचे डॉक्टर बघायला आले. खोली पसंत पडली, नळ पसंत पडला, भाड्यावरही फारशी घासाघीस केली नाही. दारातून बाहेर पडता पडता समोर बघून म्हणाले, "हे काय, गोदाम आहे का?" शिवाय नळीच्या तोंडातून ठिबकणाऱ्या पाण्याने पायरीसमोर शेवाळ धरलं होतं, त्यावरून त्यांचा बूट सरकला. डॉक्टर पडले नाहीत, पण मामांच्या मनातून ती भिंत तेवढ्यात पडली.

भाची त्या दिवसांत लांबच्या शहरात एका बोगद्याच्या कामावर होती. मामांनी गवंड्याला बोलावलं.

"गिलावा करायचा. एकदम गुळगुळीत. दगड दिसता कामा नये."

"ताईंना विचारलंय ना?" गवंड्याने विचारलं.

"तिला काय विचारायचंय? घरचीच आहे ती."

घरच्या माणसाला न विचारण्याचं हे कारण जगात सगळीकडे चालतं, तसं इथेही चाललं. गवंड्याने फटींत माल ठासला, वरून बारीक जाळी मारली, तिच्यावर गिलावा चढवला आणि बिस्किटी रंग दिला. भिंतीची वर्गणी देताना ज्यांची तोंडं कारल्यासारखी झाली होती, तेच लोक रंगासाठी आपण होऊन पैसे घेऊन आले. "मामा, पट्टी चॉकलेटी घ्या हं," अशा सूचनाही मोफत आल्या. खालच्या टोकाला मामांनी विटांचा एक छोटा वाफा बांधून घेतला आणि त्यात शेवंती लावली. गल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला भिंत दाखवायला लागली, नवी सून दाखवावी तशी.

आणि मग पावसाची झड लागली. दिवसामागून दिवस, धड जोराचा नाही आणि थांबतही नाही, असा चिवट पाऊस. लोक खिडकीतून भिंतीकडे बघून म्हणायचे, "बघा, काय काम झालंय! एवढ्या पावसात एक थेंब बाहेर येत नाही."

थेंब बाहेर येत नाही, तर जातो कुठे, हा हिशेब कुणीच मांडला नाही. मामांनीसुद्धा नाही.

पहिल्यांदा लक्षात आलं ते मामींच्या. त्या दारात उभ्या राहून पदराने चष्मा पुसत होत्या. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"अहो, इकडे या जरा. या भिंतीला दिवस गेलेत की काय?"

मामा हसत बाहेर आले आणि हसू तिथेच अडकलं. भिंतीच्या मधोमध, शिंपीणबाईंच्या दारासमोर, पोट आलं होतं. चॉकलेटी पट्टी तिथे कमानीसारखी वाकली होती आणि रंगाला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. माथ्यावरच्या रस्त्याच्या कडेलाही एक लांब चीर पडल्याचं दूधवाला सांगून गेला.

भाचीला फोन मामींनी केला. मामांनी करीन-करीन म्हणत चष्म्याचं घर शोधायला घेतलं होतं.

ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आली. बॅग अजून खांद्यावरच होती. गल्लीच्या तोंडाशी थबकली आणि बघतच राहिली. पाऊस उघडला होता. बिस्किटी भिंत ओल्या उजेडात चकचकत होती.

"हे कुणी केलं?"

शिंपीणबाईंनी मामांकडे बघितलं, मग घाईघाईने आकाशाकडे.

"सगळ्यांनी मिळूनच केलं," मामा म्हणाले. "जरा बरं दिसावं म्हणून."

"मामा, तू मला गोणपाट पांघरलेलं बघितलं असतंस तर बरं दिसावं म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं असतंस का?"

मामींना हसू आलं होतं, पण भाचीचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

पुढचं सगळं भराभर झालं. तिने आधी घरं रिकामी करायला लावली. माणसं, म्हातारी, मांजरं, शिलाई मशीन सगळं कोपऱ्यावरच्या शाळेत. माथ्यावर दोन बाकं आडवी टाकून ट्रक बंद केले. मग नगरपालिकेच्या साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज एवढा मोठा होता की शेजारी उभ्या असलेल्या मामांना सगळं ऐकू आलं. दुपारी येतो, म्हणाले. पोट वाढत असेल तर भिंत मशिनने उतरवायची, गल्ली बंद, आणि पुन्हा माणसं राहायला यायची ती काँक्रीटची भिंत झाल्यावरच. "तुमच्या त्या जाळ्याबिळ्या आता पुरे झाल्या, बाई."

काँक्रीटची भिंत म्हणजे तो जुना आकडा. आणि एवढ्या काळात आकडे काही उपाशी बसत नाहीत. मामांनी मनात नवा आकडा मांडला. त्या आकड्यात गल्लीतली अर्धी घरं विकावी लागली असती. तीसुद्धा कोसळणाऱ्या भिंतीसमोरची घरं, घेणार कोण?

भाचीने भिंतीपासून बेताच्या अंतरावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून बांधली. पोट दोरीला टेकलं होतं. "ही दोरी बघत राहा," ती गवंड्याला म्हणाली. "भिंत दोरीला ढकलायला लागली, तर हातातलं टाकून पळायचं. पोटासमोर कुणी उभं राहायचं नाही. आपण कडेने, खालून, लांब पहारीने उघडायचं."

गवंडी बिचारा आपणच केलेला गिलावा फोडायला लागला. कष्टाने केलेलं काम मोडताना माणसाचा चेहरा कसा होतो ते बघण्यासारखं असतं, पण त्या वेळी ते बघायला कुणी मोकळं नव्हतं. पहिला तुकडा निघाला, फटीतला माल सुटला आणि पाण्याची एक बारीक धार बाहेर आली. लांबून शाळेच्या फाटकातून "आलं, आलं!" असा गलका झाला. पण धार थोडा वेळ वाहिली आणि मंदावली. गल्लीच्या वरच्या टोकाला दुसरं भोक पाडलं, तिथेही तेच. पोट दोरीला तसंच टेकलेलं. मध्ये जाऊन हात लावायची सोय नव्हती.

भाची खालच्या टोकाला आली. शेवंतीच्या वाफ्यापाशी थांबली.

"मामा, इथे नळीचं तोंड होतं ना?"

"हो."

"वाफा बांधलास तेव्हा नळी आतून गटारात वळवलीस ना?"

आता इथे मामांनी खरं सांगायला हवं होतं. पण शेजारी गवंडी होता, मामी होत्या, शिंपीणबाई शिलाई मशीनचं तेल विसरलं म्हणून परत आल्या होत्या. आणि मामा म्हणजे कोण, तर ज्यांच्या हिशेबात कधी एका पैशाची चूक निघाली नाही असे. तोंडातून आपोआप निघून गेलं, "वळवली."

गवंड्याने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली. पैसे देणाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडायची त्याच्या धंद्यात पद्धत नव्हती.

भाचीने गटारात वाकून बघितलं. नळीचं पाणी कुठेच येत नव्हतं. ती हळूच उठली आणि मामांच्या पायरीवर बसली. दुसऱ्या कुणी 'वळवली' म्हटलं असतं तर तिने वाफा उकरून बघितला असता. पण ठिसूळ दगड निवडून परत पाठवणारा हा माणूस. याने सांगितलं म्हणजे झालं. तिने फोन काढला, जुने आकडे उघडले आणि बघायला लागली.

मामा जरा अंतर ठेवून उभे राहिले.

"चहा आणायला सांगू?"

"नको."

"एवढं काय बघतेस?"

"कापड बघतेय." तिने मान वर केली नाही. "गिलावा काहीही असला तरी पायथ्याची नळी चालू असती, तर एवढं पाणी मागे साचलंच नसतं. नळी उघडी आहे आणि पाणी येत नाही, म्हणजे मागचं कापड गाळाने बुजलं. कापड मी निवडलं होतं, मामा. दोन नमुने होते. महाग होता तो नको म्हटलं, आपल्या गल्लीला परवडलं पाहिजे म्हणून. मातीचे कण बघूनच निवडलं होतं… मला वाटलं होतं, चालेल."

"मग?"

"मग काय? साहेब आले की सांगायचं, डिझाइन चुकलं म्हणून. माझंच चुकलं. उतरवू दे भिंत."

तिचा आवाज अगदी साधा होता. रडका नाही, की चिडका नाही. लहानपणी गणिताच्या पेपरात मार्क कमी पडले की ती अशीच यायची, पेपर टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "माझंच चुकलं." मामांना तेव्हाही ते सहन होत नसे, तेव्हा ते पेपर पुन्हा तपासून मास्तरांनी कुठे मार्क कापलेत ते शोधून काढत. आज शोधायची गरज नव्हती. चूक कुणाच्या नावावर आहे ते त्यांना ठाऊक होतं, आणि ती दुसऱ्याच्या नावावर चढताना ते उभं राहून बघत होते. स्टोअरमध्ये कुणी असं केलं असतं, तर मामांनी त्याला दारात उभं केलं नसतं.

त्यांनी घसा खाकरला.

"ऐक. ती नळी वळवली नाही."

"काय?"

"बुजवली. वाफा बांधताना तोंडावर सिमेंटचं झाकण बसवलं. डॉक्टर घसरले होते म्हणून. पायरीसमोर चिखल नको म्हणून. मीच सांगितलं गवंड्याला." आणि मग, अजून काही राहून गेलं असावं तसं म्हणाले, "तुझ्या कापडाचा काही दोष नाही."

शिंपीणबाईंच्या हातातली तेलाची बाटली तशीच राहिली.

"अहो," मामी म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांकडून सह्या घेतल्यात. एकदा तरी स्वतःच्या अकलेची पावती घ्यायची होती."

पण भाची केव्हाच उठली होती. ओरडायला, रागवायला तिला वेळच नव्हता. "मिस्त्री! वाफा फोडा! नाही, नाही, बाजूला उभं राहून. तोंडासमोर नाही!"

शेवंती मुळासकट उडाली. विटा निघाल्या. झाकणावर पहारीचे घाव बसायला लागले. ते मजबूत बसवलं होतं. मामांनी स्वतः उभं राहून माल कालवून घेतला होता, आणि आता प्रत्येक घावाला त्यांना आपल्या चोखपणाचा पश्चात्ताप होत होता. एकदाची चीर गेली. आतून आधी हवेसारखा एक आवाज आला, मग झाकणाचा तुकडा गोळीसारखा उडून गटारात पडला आणि त्यामागून पाणी सुटलं. तपकिरी, घट्ट, कुजका वास मारणारं. गवंडी कमरेपर्यंत न्हाला. मामांच्या चपला वाहून गेल्या. गटार भरून वाहायला लागलं. शाळेच्या फाटकातून लोक ओरडत होते, पण पाण्याच्या आवाजात काहीच ऐकू येत नव्हतं.

भाची ओंजळ भरून पाणी बघत होती. सांडायची, पुन्हा भरायची. मामांना कळेना.

"काय बघतेस त्या घाणीत?"

"गाळ येत राहिला तर मागची माती वाहून येतेय. म्हणजे कापड फाटलंय. पाणी निवळलं तर…" तिने वाक्य पुरं केलं नाही.

ते दोघे गटाराच्या कडेला उकिडवे बसून ओंजळी भरत राहिले, वाळूत खेळणारी दोन पोरं बसावीत तसे. तपकिरी पाणी चहासारखं झालं. चहात दूध जास्त पडावं तसं आणखी फिकं झालं. आणि मग मामांना ओंजळीतल्या पाण्यातून आपल्या हातावरच्या रेघा दिसायला लागल्या.

"निवळलं," ते म्हणाले. "ए, हे निवळलं गं! हे बघ!"

भाची मटकन खाली बसली, त्या चिखलात, चांगल्या कपड्यांनिशी. "चाललं," म्हणाली. "कापड चाललं, मामा. एवढं पाणी तुंबलं तरी चाललं." आणि ती हसायला लागली. हसता हसता तिने ओल्या चिखलाचा एक गोळा उचलला आणि मामांच्या धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर मारला. मामांनी तो निमूटपणे सोसला.

तिकडे ओल्या अंगाने पुन्हा दोरीपाशी जाऊन उभा राहिलेला गवंडी ओरडला, "ताई, फट! दोरीत आणि भिंतीत फट पडली! भिंत मागे बसतेय!"

साहेब आले, तेव्हा भिंतीचा गिलावा कडेकडेने उतरला होता आणि फटीफटींतून पाणी पाझरत होतं. साहेब मोठ्या आवाजाचे असले तरी आंधळे नव्हते. त्यांनी नळीचं पाणी बघितलं, दोरी बघितली, वर जाऊन रस्त्याची चीर बघून आले.

"काँक्रीटची असती तर हिने पोट दाखवलं नसतं," भाची त्यांना सांगत होती. "पाणी कोंडलं असतं आणि एक दिवस न सांगता आडवी झाली असती. ही वाकते, म्हणून कळतं. वाकलेल्या पेट्या तेवढ्या काढून नव्या बसवू. बाकीच्या जागच्या हललेल्या नाहीत."

"आणि हा बिस्किटी रंग कुणाच्या डोक्यातून आला?" साहेबांनी विचारलं.

मामा पुढे झाले. "माझ्या. नळीचं झाकणसुद्धा माझंच. तसं लिहून घ्या."

"लिहून काय घ्यायचं, मामा," साहेब म्हणाले. "पुन्हा करू नका म्हणजे झालं. मशीन नको आता. आज पाणी असंच उतरत राहिलं, तर माणसं घरात येऊ देत. मधली दोन घरं तेवढी पेट्या बदलेपर्यंत रिकामी ठेवा."

शिंपीणबाईंचं घर त्या दोनांतलं. मामींनी त्यांना विचारलंसुद्धा नाही; त्यांचं शिलाई मशीन सरळ आपल्या पुढच्या खोलीत आणून लावलं. मामांनी तोंड उघडलं, मामींनी नुसतं बघितलं, मामांनी तोंड मिटलं.

संध्याकाळपर्यंत गल्ली परत आली. गाद्या आल्या, डबे आले, मांजरं आपापल्या वेळेनुसार आली. भिंतीवर अर्धा बिस्किटी रंग आणि अर्धे दगड, वाईट हजामत झालेल्या माणसासारखं ध्यान दिसत होतं. कुणाला काही वाटत नव्हतं. लोक भिंतीजवळ जाऊन फटींतून पाझरणाऱ्या पाण्याला बोटं लावून बघत होते. "गळतेय ना चांगली?" असं एकमेकांना विचारत होते, आणि "झकास गळतेय" म्हणून उत्तर येत होतं.

भाची मामांच्या पायरीवर चहाचा कप घेऊन बसली होती. दिवसभर तिने मामांशी कामापलीकडे एक शब्द काढला नव्हता. मामा शेजारी येऊन बसले. बोलायला सुरुवात कुठून करावी याची जुळवाजुळव करत त्यांनी भिंतीकडे बघितलं, गटाराकडे बघितलं, आपल्या अनवाणी पायांकडे बघितलं.

"मी म्हणत होतो…" त्यांनी सुरुवात केली आणि वळून बघितलं.

तिला झोप लागली होती. दाराच्या चौकटीला डोकं टेकवून, तोंड किंचित उघडं, कप मांडीवर कलता. मामांनी तो अलगद काढून घेतला. एवढ्यात समोरून शिंपीणबाई आल्या, "मामा, कात्री कुठे ठेवली हो माझी?" अशी हाक मारत.

"शू!" मामा दबक्या आवाजात म्हणाले. "हळू. झोपलीये ती."

शिंपीणबाई चवड्यांवर चालत आत गेल्या. मागून गाद्या घेऊन येणाऱ्यांना मामांनी हातानेच थांबवलं, आणि गल्लीतल्या लोकांनी आपलं सामान त्या पायरीला वळसा घालून, आवाज न करता, घराघरांत न्यायला सुरुवात केली.